रंगीत तालीम आणि खरा प्रयोग : टपालाचा भार मोजण्याची कथा



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावे बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा शिंदेशाहीतील पत्रव्यवहारावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मीही पत्रव्यवहारावरच बोलणार आहे. फरक इतकाच की, हा पत्रव्यवहार कागदावरचा नसून संगणकावरचा, म्हणजे ई-मेलचा आहे. त्यातही मी एकच प्रश्न घेतला आहे. हजारो माणसांची पत्रे पेलण्यासाठी उभारलेले यंत्र ती खरोखर पेलेल की नाही, हे ती माणसे दारात येण्यापूर्वी कसे ओळखावयाचे?

या प्रश्नाला नाटकवाल्यांनी फार पूर्वी उत्तर दिले आहे. ते म्हणजे रंगीत तालीम. पोशाख, पडदे, दिवे, संगीत सारे खऱ्या प्रयोगाप्रमाणे; फक्त समोरच्या खुर्च्या रिकाम्या. संगणकशास्त्राने या रिकाम्या खुर्च्यांवर खोटे प्रेक्षक बसविण्याची युक्ती काढली. हे खोटे प्रेक्षक कोण, त्यांना कोणी घडविले आणि त्यांच्यात आपला चेहरा आहे की नाही, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा होय.

प्रारंभ आपल्या गावापासून करू. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून आपले ठाणे ग्वाल्हेरास हलविले आणि किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी पडली. छावणी म्हणजे आज आहे, उद्या नाही. परंतु ही छावणी उठलीच नाही. तिचे शहर झाले आणि नाव मात्र ‘लष्कर’ असेच राहिले. तात्पुरत्या वस्तीसाठी केलेली सोय कायमच्या वस्तीला पुरवावी लागते, तेव्हा काय ओढाताण होते, हे लष्करच्या जुन्या गल्ल्यांत राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. भाराचा अंदाज चुकणे ही काही संगणकयुगाची देणगी नव्हे.

१८८५ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याशी करार केला. त्या करारानुसार ब्रिटिश तिकिटांवरच आपल्या संस्थानाचे नाव छापून ती येथे वापरली जाऊ लागली. राणीचे चित्र तेच, किंमत तीच. पण वर रोमन लिपीबरोबर देवनागरीत ‘ग्वालियर’ अशी अक्षरे. संग्राहक आज ही तिकिटे जपून ठेवतात. हा तपशील श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. व्याख्यानाच्या अखेरीस आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

टपालाचा भार म्हणजे केवळ पत्रांची संख्या, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे, हे दाखवून देणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारे विद्वान. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. त्यांच्यापुढची अडचण पत्रे फार झाली एवढीच नव्हती. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत आणि भाषांत, त्यांतही अपुरे किंवा चुकीचे, अशा ढिगातून वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याने वाट काढावयाची होती. वेलणकरांच्या सहा आकड्यांनी ती वाट सोपी केली. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, पहिला ४ हा आकडा महाराष्ट्राला आणि आपल्या मध्य प्रदेशाला समान आहे. म्हणजे टपालखात्याच्या नकाशात तरी मुंबई-पुणे आणि लष्कर एकाच घरात नांदतात. तात्पर्य, भाराला संख्या असते तशी जातही असते. शंभर स्वच्छ छापील पत्ते आणि शंभर दुर्बोध हस्ताक्षरातील पत्ते हा एकच भार नव्हे.

आता हा भार मोजण्याच्या शास्त्राकडे वळू. त्याचा जन्म टपालात नव्हे, टेलिफोनच्या केंद्रात झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नेर क्रारूप एर्लांग याने १९०९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोक केव्हा फोन करतील हे कोणालाच आधी सांगता येत नाही. परंतु पुष्कळ लोकांच्या अनिश्चित वागण्यातून एक निश्चित नियम हाती लागतो, हे त्याने दाखविले. १९१७ मध्ये त्याने सूत्र दिले : अमुक इतकी बोलणी आणि तमुक इतक्या तारा असतील, तर किती जणांना ‘लाइन मोकळी नाही’ असे उत्तर मिळेल. पुढे टेलिफोनच्या भाराच्या एककाला त्याचेच नाव मिळाले.

हे गणित आपण बाड्यावरच्या टपाल कार्यालयात नेऊन पाहू. समजा, तिकिटांच्या खिडकीवरचा कारकून सरासरीने तासाला ६० ग्राहकांचे काम उरकतो. ग्राहक आपापल्या सवडीने येतात. कोणाचे काम अर्ध्या मिनिटाचे, कोणाचे तीन मिनिटांचे. तासाला ३० जण येत असतील, तर खिडकीशी सरासरीने एकच माणूस आढळेल. ४८ येऊ लागले तर चार, ५४ आले तर नऊ आणि ५७ आले तर एकोणीस. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या नियमाने त्यांचा खोळंबाही काढता येतो. माणसांची सरासरी संख्या भागिले येण्याचा वेग, म्हणजे प्रत्येकाचा सरासरी वेळ. ३० जणांच्या वेळी तो दोन मिनिटे, ५४ जणांच्या वेळी दहा मिनिटे आणि ५७ जणांच्या वेळी वीस मिनिटे. तासाला केवळ तीन माणसे वाढली आणि खोळंबा दुप्पट झाला! कारकून तोच, त्याचा उरकही तोच. ६० चा आकडा गाठला की रांगेला अंतच राहत नाही. (ते १९६१ साल आपल्याला वेगळ्या कारणाने स्मरते. त्याच वर्षी ग्वाल्हेरास कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते.)

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. यंत्र भार वाढेल तसे हळूहळू मंद होत नाही. ते बराच काळ ठीक चालते आणि काठाशी आल्यावर एकाएकी कोलमडते. म्हणूनच, ‘काल तर व्यवस्थित चालले होते’ हा पुरावा होऊ शकत नाही. काठ कोठे आहे, हे आधी मुद्दाम तेथपर्यंत जाऊनच पाहावे लागते.

आता ई-मेलकडे येऊ. दोन संगणकांमधील पहिला निरोप रे टॉमलिन्सन याने १९७१ मध्ये अमेरिकेत पाठविला. एका संगणकाने दुसऱ्याला पत्र कसे सोपवावे, याचे नियम जॉन पोस्टेल याने १९८२ मध्ये लिहून काढले आणि सुधारित रूपात तेच आजही पाळले जातात. पत्र स्वीकारणारा, पत्ता वाचणारा, पुढे धाडणारा आणि पेटीत ठेवणारा जो संगणक, त्याला सर्व्हर म्हणतात. बाड्यावरचे अख्खे टपाल कार्यालय एका पेटाऱ्यात बसविले आहे, अशी कल्पना करावी. आपल्या देशात १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्याने मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची विज्ञान संस्था आणि आय. आय. टी. यांसारख्या संस्था जोडल्या. आरंभीच्या काळी संगणक टेलिफोन लावून साठलेली पत्रे एकगठ्ठा पलीकडे देत असे. ग्राहक मोजके, बहुतेक संशोधक, आणि पत्रे इंग्रजीत. अशा टपालाला तालमीची गरज भासली नाही.

ती गरज १५ ऑगस्ट १९९५ नंतर सर्वांच्या ध्यानात आली. त्या दिवशी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. पहिल्या सहा महिन्यांत ग्राहकसंख्या १०,००० च्या घरात गेली. टेलिफोन जोडला जाईना, जोडला तर टिकेना, अशा तक्रारींचा पाऊस पडला. निगमाचे तत्कालीन प्रमुख ब्रिजेंद्र सिंगल यांनी आपला अंदाज चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि सुधारणेसाठी मुदत मागून घेतली. ही कबुली मला मोलाची वाटते. देशात असा अनुभव पूर्वी कोणालाच नव्हता. जो ग्राहक अद्याप अस्तित्वातच आलेला नाही, त्याच्या वागण्याचा अदमास घ्यावयाचा होता. प्रयोग थेट रंगमंचावर झाला, तालमीविना.

जगभर याच सुमारास तालमीची साधने घडत होती. मायक्रोसॉफ्टच्या टपाल-सर्व्हरसाठी नव्वदीच्या दशकात ‘लोडसिम’ नावाची आज्ञावली वापरली जाई. एकच संगणक शेकडो लुटुपुटीच्या ग्राहकांचे सोंग घेई. त्यांत हलका, मध्यम आणि जड असे ग्राहकांचे प्रकार ठरविलेले होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या मापन-संस्थेने २००१ मध्ये ‘स्पेकमेल २००१’ ही सर्वमान्य कसोटी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या कंपन्यांचे सर्व्हर एकाच तागडीत तोलता यावेत, हा तिचा हेतू. पुढे २००९ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. आज दोन्ही निवृत्त झाल्या आहेत. परंतु त्यांनी घालून दिलेली रीत टिकून आहे.

ती रीत थोडक्यात अशी. प्रथम खऱ्या सर्व्हरच्या नोंदवह्या वाचून एक नमुना ग्राहक तयार करतात. तो दिवसाकाठी किती पत्रे लिहितो, किती जणांना धाडतो, पेटी किती वेळा उघडतो, पत्रांचा आकार केवढा, दिवसातील गर्दीचा तास कोणता, हे सारे ठरवितात. पेट्या रिकाम्या ठेवून चालत नाही. जुन्या पत्रांनी त्या आधी भरून ठेवाव्या लागतात, कारण भरलेल्या कपाटातून कागद शोधणे हेही काम आहे. मग हजारो सोंगाडी एकदम सोडतात आणि प्रत्येक क्रियेचा वेळ टिपतात. ‘स्पेकमेल २००१’ चा निकाल ‘दर मिनिटास इतकी पत्रे’ असा देत. पण त्याला अट होती की, शंभरांपैकी ९५ क्रियांचे उत्तर ५ सेकंदांच्या आत मिळालेच पाहिजे.

सरासरीऐवजी अशी अट का घालावी लागते? समजा, ९५ पत्रांना एकेक सेकंद लागला आणि उरलेल्या पाच पत्रांना ६१ सेकंद. सरासरी निघते चार सेकंद. कागदावर उत्तम! परंतु चार सेकंद कोणालाच लागलेले नाहीत. सरासरी माणूस हा कोठेही राहत नाही, त्याला घरचा पत्ता नसतो. शिक्षकी पेशातील माणसाला हे पटावे. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास झालेल्या मुलाचे समाधान होत नाही.

या सोंगाड्यांचा एक दोष बराच काळ कोणाच्या नीट ध्यानी आला नव्हता. ते फार सभ्य असतात. आपले पहिले उत्तर मिळेपर्यंत ते दुसरी मागणी करीतच नाहीत. सर्व्हर मंदावला की तेही मंदावतात आणि यंत्रावरचा भार आपोआप हलका होतो. खरा माणूस असा नसतो. बाड्यावर रांग लांबली म्हणून सराफ्याकडून येणारी माणसे वाटेत थबकत नाहीत. ती येतच राहतात. शिवाय आतला माणूस अधीर होऊन पुन्हा खिडकी ठोठावतो. ब्यांका श्रोडर, ॲडम विअरमन आणि मोर हारखोल-बाल्टर या संशोधकांनी २००६ मध्ये या दोन पद्धतींची तुलना करून दाखविले की, एकाच यंत्राचे निकाल त्यामुळे अगदी निराळे येऊ शकतात. तालमीतील प्रेक्षक शहाणा असला, तर प्रयोगाची परीक्षा खोटी ठरते.

दुसरा दोष असा की, तालीम नेहमीच्या दिवसाची होते आणि संकट नेहमीच्या दिवशी येत नाही. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ नावाचा उपद्रवी निरोप पसरू लागला. जो तो उघडील, त्याच्या पत्तापुस्तकातील पहिल्या ५० जणांना तो स्वतःहून जाई. पन्नासांचे अडीच हजार, अडीच हजारांचे सव्वा लाख. अनेक मोठ्या कंपन्यांना आपले टपाल-सर्व्हर काही काळ बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ या निरोपाने पन्नासांचीही मर्यादा पाळली नाही. नमुना ग्राहक घडविणाऱ्यांनी त्याला दिवसाकाठी ठरावीक पत्रे लिहावयास शिकविले होते. एका क्षणी साऱ्या गणगोताला पत्र धाडणारा ग्राहक त्यांच्या हिशेबात नव्हता. आपल्याकडे दिवाळीच्या शुभेच्छा आणि परीक्षांचे निकाल यांचेही असेच आहे. ज्याने तालीम घ्यावयाची, त्याला पंचांगही ठाऊक हवे.

आता तिसरा दोष. तो आपल्याशी थेट निगडित आहे. पोस्टेलचे नियम रोमन अक्षरांपुरतेच होते. अन्य लिप्यांना त्या वाटेने जाता यावे, म्हणून १९९२ मध्ये वेष्टनाची एक पद्धत ठरली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आजच्या प्रचलित युनिकोड संकेतात तीन बाइटे घेते आणि रोमन अक्षरांच्या वेष्टनात गुंडाळले की तीनांची चार होतात. रोमन लिपीत ‘नमस्कार’ लिहिला तर आठ अक्षरे आणि आठच बाइटे. देवनागरीत पायमोड्या खुणेसह आणि काना धरून सात चिन्हे. त्यांची २१ बाइटे आणि वेष्टनात २८ अक्षरे. म्हणजे आपला नमस्कार त्याच वाटेने साडेतीनपट जागा घेऊन जातो. पत्राच्या विषयाची ओळ तर याहून अडचणीची. तेथील वेष्टनाचा एक तुकडा ७५ अक्षरांहून लांब चालत नाही. त्यात देवनागरीची जास्तीत जास्त १५ चिन्हे मावतात. ‘वार्षिक स्नेहसंमेलनाचे निमंत्रण’ एवढा साधा विषयही तोडून, पाठवून पलीकडे पुन्हा सांधावा लागतो.

सर्व्हरला हे अशक्य नाही. आजच्या यंत्रांना एवढा भार जाणवतही नसेल. प्रश्न निराळा आहे. तालमीतील सोंगाडी केवळ रोमन अक्षरांत पत्रे लिहीत असतील, तर तोडणे, सांधणे, शोधणे ही सारी कामे परीक्षेबाहेर राहतात. काही वर्षांपूर्वी मी एका संपादकांकडे मराठी लेख ई-मेलने धाडला. आठवडाभराने त्यांचा फोन आला की, लेख मिळाला, पण त्यात प्रश्नचिन्हांखेरीज काही नाही. पानेच्या पाने प्रश्नचिन्हे! वाटेतील कोणत्या यंत्राने हे केले, ते मला आजतागायत कळलेले नाही. गंमत अशी की, प्रत्येक यंत्राच्या हिशेबी ते पत्र वेळेत आणि बिनचूक पोहोचले होते. दर मिनिटास किती पत्रे पोहोचली, हे मोजणाऱ्या तागडीत माझे पत्र यशस्वी पत्रांत जमा झाले असणार. पोहोचणे आणि वाचता येणे यांतला भेद ज्या परीक्षेला ठाऊक नाही, ती आपली परीक्षा नव्हे.

पत्त्याची कथाही अशीच आहे. ई-मेलचा पत्ता देवनागरीत असू शकतो, असा अधिकृत नियम २०१२ मध्ये आला. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले आणि २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने ‘डेटामेल’ या नावाने भारतीय भाषांतील पत्ते देऊ केले. मात्र नियम झाला म्हणजे वाट मोकळी झाली, असे नाही. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, त्या प्रत्येकाने तो पत्ता ओळखावा लागतो. एकाने नाकारला की पत्र परत.

आता त्या तिकिटाकडे परत येऊ. १८८५ मध्ये आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत टपालावर उमटले होते. नव्या टपालाने त्याच लिपीतील पत्ता नियमाने मान्य करावयास २०१२ साल उजाडले. मध्ये १२७ वर्षे गेली. हा कोणाच्या दुष्टपणाचा परिणाम नव्हे. ज्यांनी पहिला नमुना ग्राहक कल्पिला, त्यांनी आपल्यासारखाच एक माणूस कल्पिला, इतकेच. तुम्ही-आम्ही त्या तालमीच्या वेळी सभागृहात नव्हतो.

आज परिस्थिती बदलली आहे. या शाळेच्या बाकांवर बसलेली मुले पुण्यात, बंगळुरात आणि परदेशी अशाच यंत्रांवर काम करीत आहेत. त्यांपैकी काही या सभागृहातही असतील. लष्करात मराठी घरे पूर्वीइतकी उरलेली नाहीत. कोणत्याही हिशेबात आपण त्या शंभरांतल्या ९५ मध्ये नसून उरलेल्या पाचांत असण्याचाच संभव अधिक. म्हणून माझी त्यांना विनंती आहे : पुढच्या वेळी तालमीसाठी खोटे ग्राहक घडवाल, तेव्हा त्यांतल्या एखाद्याला देवनागरीत पत्र लिहावयास शिकवा. एखादीला दिवाळीच्या पहाटे साऱ्या नातलगांना शुभेच्छा धाडू द्या. एखाद्या अधीर म्हाताऱ्याला उत्तर येईपर्यंत तीनदा खिडकी ठोठावू द्या. आणि पत्र पोहोचले की नाही एवढेच न पाहता, ते पलीकडे वाचता आले की नाही, हेही पाहा.

ज्यांचे स्मरण आपण आज करीत आहोत, त्या पिढीचे शिक्षक प्रश्न विचारताना वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहत असत. पुढच्या बाकांना उत्तर येते, हे त्यांना ठाऊकच असे. यंत्राची परीक्षा घेणाऱ्यांनाही त्याहून निराळे काही सांगावे, असे मला वाटत नाही.